नाव आदराचे नको, वापराचे हवे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

जुन्या शालेय संगणकांसाठी मराठीतून चालणारी मुक्त (म्हणजे जिचा कोड कोणालाही घेता, बदलता आणि वाटता येतो अशी) संगणकप्रणाली सिद्ध करण्याचा कोल्हापुरातील काही शिक्षकांचा आणि तरुण अभियंत्यांचा मनोदय, तसेच तिला समर्पक नाव सुचवावे असे त्यांनी केलेले आवाहन आपल्या दैनिकात वाचले. त्यानंतर याच सदरात आलेल्या पत्रांतून ‘शिवशाही’, ‘अंबाई’, ‘करवीर’, ‘ज्ञानगंगा’, ‘कोल्हापुरी’, ‘स्वराज’ अशी नावे पुढे आली. सुचवणाऱ्यांचा जिव्हाळा कळतो. मात्र मी एका शाळेत संगणक शिकवत असल्याने अशी प्रणाली कोणाच्या हाती पडते आणि दिवसभरात तिचे नाव कसकशा वाक्यांत घेतले जाते हे रोज पाहतो, आणि त्या अनुभवावरून यांतली बहुतेक नावे मला अडचणीची वाटतात.

आधी थोडी पार्श्वभूमी. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा व तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. शाळांच्या लॅबमध्ये असे कितीतरी संगणक आहेत की ज्यांचे यंत्र धडधाकट आहे, परंतु डेड स्टॉक रजिस्टरमध्ये त्यांच्यापुढे ‘निर्लेखित’ असा शेरा पडण्याची वेळ आली आहे. त्यांवर डेबियनसारख्या मुक्त प्रणालीचा आधार घेऊन मराठी डिस्ट्रो, म्हणजे बसवायला तयार असा प्रणालीचा संच, बसवणे हा अगदी योग्य मार्ग आहे. (मुळात नवा डिस्ट्रो काढावाच का, नॉर्वेत २००१ साली शाळांसाठी सुरू होऊन पुढे डेबियनमध्येच सामावलेल्या ‘स्कोलेलिनक्स’प्रमाणे मूळ प्रकल्पातच मराठीचे काम का करू नये, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, पण तो वेगळ्या पत्राचा विषय आहे.)

ज्या नावापुढे आपण हात जोडतो ते नाव संगणकप्रणालीला देऊ नये, हे माझे मुख्य म्हणणे आहे. आठवीच्या वर्गात एका तासाला जी वाक्ये कानांवर पडतात ती अशी असतात: ‘सर, हँग झालंय’, ‘सर, परत बंद पडलं’, ‘उडवून टाकू का?’, ‘याच्यापेक्षा आधीचं बरं होतं’. या वाक्यांना कर्ता म्हणून आई अंबाबाईचे किंवा छत्रपतींचे नाव जोडून पाहावे, म्हणजे मला काय म्हणायचे आहे ते ध्यानात येईल. पोरे काही अनादराने बोलत नाहीत, पण ते वाक्य शेजारच्या वर्गात ऐकू गेले, किंवा त्याच नावाने आलेली चुकीची सूचना कोणी पडद्यावरून मोबाइलवर टिपून गावभर फिरवली, तर होणारा गहजब कोणत्याही मुख्याध्यापकाला परवडणारा नाही. ज्या प्रणालीला मोकळेपणाने नावे ठेवता येत नाहीत, ती सुधारतही नाही. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये दोष जाहीरपणे नोंदवणे हेच अर्धे काम असते, आणि आदराच्या नावामुळे नेमके तेच अवघडून जाते.

कायद्याचीही बाजू आहे. प्रतीके व नावे यांच्या अनुचित वापरास प्रतिबंध करणाऱ्या १९५० च्या कायद्याच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव आहे, आणि अनुसूचीतले नाव केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय व्यापारासाठी, व्यवसायासाठी किंवा ट्रेडमार्कमध्ये वापरण्यास मनाई आहे. आपण मोफत वाटप करतो, व्यापार करत नाही, असा युक्तिवाद कोणी करील. परंतु मुक्त परवान्यात प्रत विकण्याचीही मुभा असते. उद्या एखाद्या दुरुस्तीवाल्याने हीच प्रणाली पेनड्राइव्हवर घालून पैसे घेऊन दिली, तर परवान्याने त्याला दिलेला हक्क नावाने काढून घेतला असे होईल. देवदेवतांच्या नावांबाबत १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात धार्मिक भावना दुखावण्याविषयीचे कलम आहे, आणि ‘रामायण’ हे नाव अगरबत्तीसाठी एकट्याचे म्हणून मागणाऱ्या व्यावसायिकाची मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली मान्य केली नाही, हेही लक्षात घ्यावे. ‘कोल्हापुरी’ची गोष्ट आणखी निराळी आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांतील कारागिरांसाठी आहे. संगणकप्रणाली म्हणजे चप्पल नव्हे, त्यामुळे कायद्याने कदाचित आडकाठी येणार नाही, तरीही त्या कारागिरांनी ज्या नावाला किंमत आणली ते आपण फुकटात उचलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘स्वराज’ म्हटले की आमच्या शिरोळ-कागल भागात पहिल्यांदा ट्रॅक्टर डोळ्यांसमोर येतो, एवढेच सांगून ते नाव मी बाजूला ठेवतो.

या क्षेत्रातली आज मोठी वाटणारी नावे जन्माला येताना अगदी साधी होती. लिनस टोरवाल्ड्स यांना १९९१ मध्ये आपल्या कर्नेलचे, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याचे, नाव ‘फ्रीक्स’ ठेवायचे होते. स्वतःच्या नावावरून नाव देणे त्यांना आढ्यतेचे वाटत होते. फिनलंडमधल्या ज्या सर्व्हरवर ते ठेवायचे होते त्याची व्यवस्था पाहणारे आरी लेम्के यांनी फोल्डरला ‘लिनक्स’ असे नाव दिले आणि तेच चिकटले. इयान मर्डॉक यांनी १९९३ मध्ये आपली मैत्रीण डेब्रा हिच्या आणि स्वतःच्या नावाची अक्षरे जुळवून ‘डेबियन’ केले. ‘रेड हॅट’ हे नाव मार्क युइंग यांच्या डोक्यावरच्या तांबड्या टोपीवरून आले. आपल्याकडे सी-डॅक या सरकारी संस्थेने डेबियनच्याच आधारे केलेल्या भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्युशन्सला सगळे ‘बॉस’ म्हणतात, आणि पूर्ण नाव विचारले तर वापरणाऱ्यांनाही चटकन सांगता येत नाही. लांब नावाचे शेवटी लघुरूपच उरते, ही धास्ती शिवाजी विद्यापीठाच्या नामविस्ताराच्या वादात या शहराने पुरेशी ऐकलेली आहे.

साधे नाव घेतानाही ते दुसऱ्या कोणाचे नाही ना, याची चौकशी मात्र आधीच करावी लागते. फ्रान्समध्ये १९९८ साली सुरू झालेल्या ‘मँड्रेक लिनक्स’वर जादूगार मँड्रेकचे हक्क असलेल्या हर्स्ट कंपनीने दावा लावला (इंद्रजाल कॉमिक्समुळे हा जादूगार आपल्याकडच्या एका पिढीलाही ठाऊक आहे), आणि पुढे २००५ मध्ये ब्राझीलच्या कोनेक्टिव्हा कंपनीशी विलीनीकरण झाल्यावर ते नाव ‘मँड्रिव्हा’ झाले. आज आपण ज्याला फायरफॉक्स म्हणतो त्या ब्राउझरचे नाव आधी ‘फीनिक्स’, मग ‘फायरबर्ड’ होते. ती दोन्ही नावे आधीच दुसऱ्यांकडे असल्यामुळे २००४ मध्ये तिसरे शोधावे लागले. ‘लिंडोज’ने तर विंडोजच्या नावाशी मुद्दाम खेळ केला होता. त्या खटल्यात विंडोज या शब्दावरचा हक्कच धोक्यात येऊ लागला, तेव्हा मायक्रोसॉफ्टने सुमारे दोन कोटी डॉलर देऊन तडजोड केली आणि प्रणालीचे नाव ‘लिनस्पायर’ झाले. आपल्या मंडळींना असे कोणी दोन कोटी डॉलर देणार नाही. तेव्हा ‘विंडोज’ची आठवण करून देणारी ‘खिडकी’, ‘झरोका’ छापाची नावे त्यांनी विनोद म्हणूनही विचारात घेऊ नयेत.

आतापर्यंतच्या पत्रांत ज्याचा उल्लेखही आला नाही अशी एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये कोड सर्वांचा असतो, नाव मात्र तसे नसते. कोड घ्या, बदला, वाटा, विका, असे परवाना सांगतो. पण बदललेली वस्तू मूळ नावानेच वाटता येईल असे तो सांगत नाही. फायरफॉक्सचा कोड पूर्णपणे मुक्त असतानाही डेबियनने त्यात आपल्या परीने केलेले बदल फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाकडून मंजूर करून घेतलेले नाहीत म्हणून २००६ साली नावाचा प्रश्न उभा राहिला, आणि डेबियनने तोच ब्राउझर ‘आइसवीझल’ या नावाने द्यायला सुरुवात केली. दोन्ही बाजूंचा समझोता होऊन मूळ नाव परत यायला २०१६ उजाडले. दहा वर्षे लाखो लोक एकच ब्राउझर दोन नावांनी वापरत होते. यात मोझिलाचे अगदीच चुकले असे मला वाटत नाही, कारण नाव ही वापरणाऱ्याला दिलेली हमी असते. २०१६ च्याच फेब्रुवारीत लिनक्स मिंट या डिस्ट्रोच्या संकेतस्थळात कोणी घुसखोरी करून चोरदरवाजा असलेल्या आयएसओ फाइलचा (प्रणाली बसवण्यासाठी उतरवून घ्यायच्या फाइलचा) दुवा त्याच नावाने ठेवून दिला होता, आणि नावावर विसंबून ती उतरवून घेणारे फसले. उद्या आपल्या प्रणालीतही जाहिराती किंवा हेरगिरीचे सॉफ्टवेअर घुसडून कोणी ती त्याच नावाने शाळांना वाटली, तर बदनामी मूळ मंडळींची होईल.

म्हणून नाव ठरवतानाच त्या नावाचा नियमही लिहून ठेवावा, अशी माझी या मंडळींना विनंती आहे. नाव कोणाच्या ताब्यात राहील. पुढाकार घेणारे दोघे-तिघे नोकरीनिमित्त पुण्या-बंगळूरला गेले तर ते कोणाकडे जाईल. एखाद्या शाळेने फक्त आपले बोधचिन्ह आणि पाठ्यपुस्तके घातली तर तिला तेच नाव वापरता येईल का. आणि आतली पॅकेजेस, म्हणजे प्रोग्रॅमचे तयार गठ्ठे, बदलली तर कोणत्या टप्प्यापासून नवे नाव घ्यावे लागेल. डेबियनचे नावही याच पद्धतीने राखले जाते. ‘डेबियनवर आधारित’ असे म्हणायला मोकळीक आहे, परंतु आपल्या वस्तूच्या नावातच ‘डेबियन’ घालायला नाही. त्यामुळे ‘डेबियन मराठी’ ही एका पत्रातली सूचना आपोआप बाद होते.

‘मुक्त’ हा शब्द नावात असावा, असा आग्रहही काहींनी धरला आहे. तो धरण्यापूर्वी आत काय भरणार आहोत ते पाहावे. जुन्या लॅपटॉपवर वाय-फाय चालण्यासाठी बहुधा उत्पादकाचे बंदिस्त फर्मवेअर (यंत्राचा भाग चालवणारे, कोड खुला नसलेले सॉफ्टवेअर) लागते, आणि डेबियनने २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून ते आपल्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घेतले आहे. शाळेची सोय म्हणून आपणही ते घेणार असू तर माझी हरकत नाही, पण मग पाटीवर ‘मुक्त’ किंवा ‘शुद्ध’ लिहिणे खरेपणाचे होणार नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी स्थापन केलेल्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचे याबाबतचे निकष कडक आहेत. आत बंदिस्त काही असलेल्या प्रणालीला ते आपल्या यादीत घेत नाहीतच, शिवाय एखाद्या मुक्त डिस्ट्रोचे नाव बंदिस्त डिस्ट्रोच्या नावाशी घोटाळा करणारे असेल तर तेवढ्या कारणावरूनही तो यादीत येत नाही. निकष पाळायचे की नाहीत हे आपल्या हाती आहे. नावाने मात्र आत नसलेल्या गोष्टीची ग्वाही देऊ नये.

‘करवीर’, ‘पंचगंगा’ यांसारख्या गावाच्या आणि नदीच्या नावांबद्दल मला आपुलकी आहे. तरीसुद्धा ही प्रणाली नांदेडच्या आणि गोंदियाच्या शाळेनेही वापरावी अशी इच्छा असेल, तर तिच्या कपाळावर आपल्या गावाचा शिक्का नसलेला बरा. स्पेनच्या एक्स्त्रेमादुरा प्रांताने २००२ मध्ये शाळांसाठी डेबियनवर आधारित ‘लिनेक्स’ काढला, त्याच्या नावात प्रांताची अक्षरे होती. शेजारच्या आंदालुसियाने त्याचाच आधार घेऊन आपली प्रणाली केली, पण ती ‘ग्वादालिनेक्स’ या स्वतःच्या नावाने. वस्तू चांगली असूनही शेजाऱ्याचे नाव कोणाला मिरवावेसे वाटत नाही, आणि सांगली-कोल्हापूरकरांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

लिपीचा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, तसा तो नाही. अशा प्रणालीत ‘ओएस-रिलीज’ नावाची एक छोटी फाइल असते. पडद्यावर दिसणाऱ्या नावासाठी तीत वेगळी ओळ असते आणि तिथे देवनागरी खुशाल चालते. पण इतर प्रोग्रॅम जिच्यावरून प्रणाली ओळखतात ती ओळ फक्त लहान लिपीतील रोमन अक्षरे, अंक आणि दोन-तीन चिन्हे एवढेच स्वीकारते. पॅकेजच्या नावांचेही तसेच आहे. काळ्या पडद्यावरच्या साध्या कन्सोलला एका वेळी ५१२ हून अधिक अक्षरचित्रे ठेवता येत नाहीत, आणि वेलांट्या-जोडाक्षरे जुळवणे त्याला साधत नाही. म्हणजे देवनागरी नाव कितीही सुंदर असले तरी त्याचे एक रोमन रूप ठरवावेच लागणार, आणि ते मराठी माणसाने न विचारता बरोबर लिहिले पाहिजे. या कसोटीवर ‘ज्ञानगंगा’ टिकत नाही, कारण तिची सुरुवात कोणी ‘डी’ने, कोणी ‘जी’ने, तर कोणी ‘जे’ने करील आणि शोधणाऱ्याला ती सापडणार नाही. ‘रंकाळा’ रोमनमध्ये गेला की बाहेरच्यांच्या तोंडी ‘रंकाला’ होतो, आणि तो तसा ऐकणे आम्हाला सहन होत नाही.

नुसते दोष दाखवून थांबणे बरे नव्हे, म्हणून एक नाव सुचवतो: ‘तालीम’. कोल्हापूरच्या पेठापेठांतल्या तालमींत माती आणि मुद्गल-करेल ही व्यायामाची साधने कोणा एकाच्या मालकीची नसतात, नव्या पोराला जुना पोरगा डाव दाखवतो, आणि शिकलेला डाव बाहेर जाऊन वापरायला कोणाची परवानगी लागत नाही. मुक्त सॉफ्टवेअरचा व्यवहार याहून फारसा वेगळा नाही. या शब्दाचा मूळ अर्थच शिक्षण असा आहे, आणि गांधीजींनी १९३७ साली वर्ध्यात मांडलेली ‘नई तालीम’ शिक्षकांना तरी परिचित आहे. हा शब्द अरबीतून आला अशी तक्रार कोणी करील, तर वकील, हजर आणि तालुका हेही तिकडूनच आले आहेत, आणि त्यांच्यावाचून आपला एक दिवस जात नाही. नाव तीन अक्षरी आहे, जोडाक्षर नाही, आणि ‘तालीम हँग झाली’ असे म्हटल्याने कोणाच्याही भावना दुखावत नाहीत. रोमनमध्ये त्याची दोन रूपे संभवतात, ‘आय’चे आणि दुहेरी ‘ई’चे, पहिले अधिकृत ठरवून दुसऱ्याचाही संकेतस्थळाचा पत्ता घेऊन ठेवावा. आवृत्त्यांना डावांची नावे द्यावीत. उबुंटूच्या आवृत्त्या प्राण्यांच्या नावांनी आणि डेबियनच्या ‘टॉय स्टोरी’तील पात्रांच्या नावांनी ओळखल्या जात असतील, तर आपल्या ‘ढाक’, ‘घिस्सा’, ‘कलाजंग’ आणि ‘धोबीपछाड’ या नावांनी का ओळखल्या जाऊ नयेत? सूचना एवढीच की, विशिष्ट तालमीचे नाव चुकूनही घेऊ नये. पाटाकडील तालमीचे नाव दिले तर तिचे फुटबॉलमधले प्रतिस्पर्धी दिलबहारवाले ती इन्स्टॉल करणार नाहीत, आणि फुटबॉलचा हंगाम असेल तर शाहू स्टेडियमवर त्याचा निकाल लागेल.

या नावावर दोन आक्षेप मला स्वतःलाच दिसतात. शिक्षणाशी निगडित सर्वसामान्य शब्द असल्यामुळे त्याची ट्रेडमार्क म्हणून नोंदणी होणे कठीण आहे. त्यामुळे बोधचिन्हासह नोंदणी करता येईल का हे जाणकार वकिलाला विचारावे लागेल. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. तालीम ही पिढ्यानपिढ्या पुरुषांची जागा राहिली, आणि प्रणाली मात्र मुलींच्या शाळांतही जायची आहे. आता मुली मातीत आणि मॅटवर उतरतात हे खरे, पण तेवढ्याने प्रश्न मिटला असे मी म्हणणार नाही. मुलींच्या शाळांतल्या शिक्षिकांना आणि विद्यार्थिनींना हे नाव परके वाटत असेल, तर मी ते विनातक्रार मागे घेईन.

शेवटी एक व्यावहारिक विनंती. नावाचा निर्णय मोबाइलवरच्या मतदानाने करू नये, कारण तिथे सर्वांत आदराचे नावच जिंकणार. मंडळींनी चार-पाच नावे निवडावीत, प्रत्येकाबाबत ट्रेडमार्कच्या सार्वजनिक नोंदींत, विशेषतः संगणक सॉफ्टवेअरच्या नवव्या वर्गात, आणि आधीच्या डिस्ट्रोंच्या याद्यांत शोध घेऊन काय आढळले ते जाहीर करावे, आणि मग वेगवेगळ्या शाळांतल्या मुलांना ती नावे तोंडी सांगून रोमनमध्ये टंकायला लावावीत. जे नाव सर्वाधिक मुले एकसारखे लिहितील त्याला झुकते माप द्यावे. आपण ती यादी दोन्ही लिप्यांत, नावाच्या वापराच्या मसुदा नियमांसह, आपल्या दैनिकात छापलीत तर वाचकांना वेळेवर हरकती घेता येतील. उद्घाटनाचे फ्लेक्स छापून झाल्यावर त्या घेण्यात अर्थ उरणार नाही.

आपला,
एक संगणक शिक्षक
राजारामपुरी, कोल्हापूर